आंबेखोलची दोन मशिनं

११ फेब्रुवारी २००१, रविवार

हात रिकामे राहिले की जीव सैरभैर होतो, म्हणून लिहायला बसले. दोनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा उगाच.

हे दुपारच्या एसटीने गेले. शनिवारी संध्याकाळी यायचं, रविवारी जेवून निघायचं. अश्लेषा दोन वर्षांची असल्यापासून असंच चाललंय, आता ती आठवीत आहे. तिकडे जव्हारच्या वाटेवर डोंगरात आंबेखोल नावाचं छोटं धरण, धरणाच्या पायथ्याशी वीजघर, वीजघरात दोन मशिनं आणि त्या मशिनांवर आमचे हे. इकडे विरारला मी, अश्लेषा आणि पाण्याची तीन पिंपं.

पिंपांच्या तळाला आज बोटभर पाणी. टँकर परवापासून नाही. सकाळी ह्यांनी दोन तांब्यांत अंघोळ केली आणि चकार शब्द काढला नाही. आठवडाभर ज्याच्या डोळ्यांसमोर तलाव असतो तो माणूस घरी येऊन दोन तांब्यांत अंघोळ करतो. मला राग येतो. कुणाचा, ते नीट कळत नाही.

१६ फेब्रुवारी

शाळेत पाचवीला पाऊस कसा पडतो ते शिकवलं. बाष्पीभवन, ढग, नद्या. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, मग आपल्याकडे का येत नाही?" सगळा वर्ग हसला. मी फळा पुसला.

मधल्या सुट्टीत क्लेमेंटीनला हे सांगितलं. ती आमच्या शाळेत चित्रकला शिकवते, राहते वसईजवळ होळी नावाच्या गावात, केळीच्या वाडीत. तिला हसू आलं नाही. म्हणाली, "तुमच्या बिल्डिंगींना टँकर येतो ना, तो आमच्याच बाजूच्या विहिरींतून भरतो. शेजाऱ्यांनी दोन पंप बसवलेत. काल लूर्डसमावशीने चहा केला तर खारट लागला."

"तुम्ही नका ना भरू देऊ."

"आमच्या विहिरीला नाही देत गं आम्ही. पण जमिनीखाली पाण्याला कुंपण असतं का?"

 म्हणजे आम्ही तिच्या मावशीच्या केळी पितोय.

१९ फेब्रुवारी

गच्चीवर सभा झाली. चार इमारतींतल्या बायका, दहा-बारा पुरुष. बोलावणारे आत्मारामभाऊ, तळमजल्यावरचे. गिरणीतल्या युनियनचा आवाज अजून तसाच आहे, माइक लागत नाही. त्यांनी सांगितलं ते असं: आंबेखोलच्या तलावातून थेट पाइप टाकून विरारला पाणी आणायचं, अशी योजना सरकारदरबारी तयार आहे. जुन्या योजनेचा पाइप अर्ध्या वाटेपर्यंत आलेलाच आहे. अडलंय कुठे, तर वीजघरापाशी. तलावाचं पाणी वरच्यावर पाइपला गेलं तर खालची मशिनं फिरणार कशावर?

"वीज मोठी की तहान?" भाऊंनी विचारलं. बायका एका सुरात ओरडल्या. मीही ओरडले. घसा बसला.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमचे मिस्टर तिथंच ना? त्या धरणाचा इतिहास काढा. कधी बांधलं, कशासाठी बांधलं, वीज किती होते. निवेदन तुम्हीच लिहा."

घरी आल्यावर अंगात इतकं वारं होतं की तिन्ही पिंपं घासून काढली. तशी ती रिकामीच होती.

२५ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना पोहे देता देता विचारलं, "आंबेखोलचं धरण कधीचं हो?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "का गं?"

"असंच. एवढी वर्षं झाली, मला काहीच माहीत नाही."

आणि काय सांगू! माणूस दुपारपर्यंत बोलत होता. बहात्तरच्या दुष्काळात लोकांना काम द्यायला म्हणून मातीचा बांध घालायला घेतला, बायकांनी पाट्या वाहिल्या, आणि मग पैसे संपले म्हणून तो अर्धवट पडून राहिला. सहा पावसाळे त्याच्यावर गवत उगवलं. नंतर कुणा इंजिनियरच्या मनात आलं की पाणी शेतीला सोडायचंच आहे तर ते मशिनावरून का सोडू नये. पहिलं मशीन घाटात ट्रकसकट अडकलं. वळण लहान आणि खोकं मोठं! पाड्यांवरच्या माणसांनी दोर लावून तीन दिवस ओढलं. त्यात श्रीपत होता, म्हणून तो आज ह्यांच्या हाताखाली नोकरीला आहे. दुसरं मशीन चार वर्षांनी आलं. ते पहिल्यासारखं समजूतदार नाही म्हणे, पाणी कमी झालं की कुरकुरतं.

"आणि एक म्हातारी होती," हे म्हणाले. "ती रोज दारात येऊन भांडायची. म्हणायची, पाण्यातली वीज तुम्ही काढून घेता, मग त्या पाण्यात कस कुठला राहणार? माझी नाचणी कशी पिकणार? मी तिच्यादेखत मशिनाखालून आलेलं पाणी ओंजळीने प्यायलो. तर म्हणते, तू शहरातला, तुला कुठे चव कळते."

मी हसले. अश्लेषाही येऊन बसली. शेवटी ह्यांनी दाखवलं, तळहात टेबलावर ठेवून, की मशीन नीट चाललंय हे कसं ओळखायचं. "मीटर नंतर बघायचा. आधी हात ठेवायचा." त्यांची एसटी चुकता चुकता राहिली.

ते गेल्यावर लगेच सगळं टिपून ठेवलं. निवेदनाला चांगला मजकूर मिळाला. "आमचं आंबेखोल म्हणजे लेकरू आहे गं, धड एका कारखान्याला पुरणार नाही एवढी वीज," असं ते हसत म्हणाले, ते तर शब्दशः घेतलं.

४ मार्च, रविवार

आज न विचारताच बोलले. अश्लेषाचा चित्रकलेचा मोठा कागद मागून घेतला आणि धरणाचा आडवा छेद काढला, तलाव, नळ, मशीन, खालचा कालवा. मी विचारलं, "समजा, पिण्याला पाणी न्यायचं असलं तर?"

"खालून न्यायचं," लगेच म्हणाले. "मशीन फिरवून जे पाणी बाहेर पडतं, ते उचलायचं. तलावाला हात लावायचा नाही. पंप बसवावे लागतील, दोन वर्षं जास्त लागतील, पण दोन्ही जगेल." आणि पेन्सिलीने कालव्यावर एक चौकोन काढला. "हे मी तीनदा वर कळवलंय. कुणी वाचत नाही."

दोन वर्षं. मला बाथरूममधली पिंपं दिसायला लागली.

१३ मार्च

भाऊंना खालून पाणी उचलायची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली. मग म्हणाले, "बाई, एका कागदावर दोन मागण्या लिहिल्या की साहेब लोक तिसरीच करतात. आणि दोन वर्षं बायकांना काय सांगू, थांबा?"

आज टँकरपाशी दोघींची झोंबाझोंबी झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या रोशनीचा दात पडला. विशीतली पोर.

मी ती ओळ वगळली. फार वाद घातला नाही. ह्यांना हे सगळं सांगायचं राहून गेलंय, पण त्यांना माहीत असणारच. स्टेशनबाहेरच्या भिंतीवर आमची मागणी हातभर अक्षरांत लिहिलीय.

८ एप्रिल, रविवार

ह्यांना काय झालंय कळत नाही. मोगऱ्याचं रोप आणलं जव्हारच्या बाजारातून. आणि जाताना चपला घालता घालता म्हणाले, "मे महिन्यात येशील का तिकडे? आठ दिवस. क्वार्टर रंगवून घेतो. दुसरं मशीन आहे ना, ते संध्याकाळी चालू करतात तेव्हा ऐकण्यासारखं असतं."

तिकडे बदली झाली तेव्हा एकदा विचारलं होतं, तेव्हा मी साप आहेत, शाळा नाही, म्हणून नाही म्हटलं होतं. आता मध्येच हे कुठून? एकटं वाटत असेल. पण मे महिन्यात मोर्चा आहे. "बघू," म्हटलं.

२१ एप्रिल, शनिवार

निवेदन पेपरात छापून आलं. चौकटीत, माझ्या नावासकट. सकाळपासून तिघांचे फोन. क्लेमेंटीन तर शाळेत अंक घेऊन आली, "आमच्या वाडीतपण सगळ्यांनी वाचला." मला एका जागी बसवेना.

संध्याकाळी हे आले तेव्हा पेपर त्यांच्या पिशवीतच होता. आंबेखोलला साहेबांनी दिला म्हणे. त्यांनी चहा घेतला. पेपर उघडून टेबलावर ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं, धड एका कारखान्याला पुरणार नाही.

"हे मी म्हटलं होतं का?"

"हो. तुम्हीच."

"बरोबर." मग विचारलं, "खालून उचलायचं ते कुठे आहे?"

"भाऊ म्हणाले, एकच मागणी हवी."

त्यांनी मान हलवली. चिडतील म्हणून मी तयार होते, उत्तरंही तयार होती. रोशनीचा दात, क्लेमेंटीनची विहीर, सगळं. विचारलंच नाही त्यांनी. म्हणाले, "छान लिहिलंयस. एकही चूक नाही शुद्धलेखनाची." आणि अश्लेषाचं गणित घ्यायला आत गेले.

माणूस समजूतदार आहे. मी उगाच घाबरत होते.

१६ जून, शनिवार

मंजूर! भाऊंनी गेटापाशी फटाक्यांची माळ लावली. बायका फुगड्या घालायला लागल्या. मला उचललंच दोघींनी.

हे आले नाहीत. पावसाआधीची कामं आहेत असा फोन आला. मी बातमी सांगितली तर म्हणाले, "हो, इथे कालच कळलं." मागे मशिनाचा आवाज येत होता, म्हणून फार बोलता आलं नाही.

२४ फेब्रुवारी २००२

कितीतरी महिन्यांनी लिहिते आहे. रस्त्याकडेला पाइप येऊन पडलेत, आत म्हैस बसेल एवढे. ह्यांचं येणं पंधरा दिवसांनी झालंय. आले की भाजी आणतात, अश्लेषाचे मार्क विचारतात. आंबेखोलचं नाव निघत नाही. मी एकदोनदा काढून बघितलं. "चाललंय," म्हणाले.

मोगरा गेला. पाणीच नव्हतं घालायला.

१४ जानेवारी २००३

आलं! सकाळी आठला. आधी नळ फुसफुसला, मग तांबडं पाणी, मग स्वच्छ. मी हाताने धरलं, तोंडावर मारलं, रडले. अश्लेषा म्हणाली, "आई, सोड ना आता, वाया जातंय." बंद केला आणि परत उघडला, खरंच येतंय का बघायला.

क्लेमेंटीन म्हणाली, होळीत टँकर यायचे थांबले की दोन-तीन पावसाळ्यांत विहिरी परत गोड होतील. लूर्डसमावशीने माझ्या नावाने चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

२६ जानेवारी

समितीचा सत्कार. मला शाल, नारळ. भाषणात भाऊंनी सांगितलं, "ह्या बाईंनी घरचं काही पाहिलं नाही." टाळ्या झाल्या. हे मागे, खांबापाशी उभे राहून वाजवत होते. मला वरून दिसत होते. इतर थांबले तरी ते वाजवत होते.

१६ फेब्रुवारी

आता मशिनं फक्त पावसाळ्यात चालणार, तलाव ओसंडेल तेव्हा. माणसं कमी केली. ह्यांना वसईच्या ऑफिसात टेबल दिलं. सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी घरी. म्हटलं, चला, पाणीही आलं आणि माणूसही आला. ह्यांच्या आवडीची वालाची उसळ केली. दोन घास खाल्ले.

२ मार्च, रविवार

घरातला एकही पंखा आता आवाज करत नाही, मिक्सर दोनदा उघडून झाला, दारांच्या बिजागऱ्यांना तेल. उरलं काही नाही. गॅलरीत उभे राहतात, आत येतात, परत गॅलरीत. त्यांचं बघून माझेही पाय ठरत नाहीत.

आज मुद्दाम कळंबला नेलं, समुद्रावर. अश्लेषाचं दहावीचं वर्ष, ती घरीच. वाळूत बराच वेळ उभे होते. मी म्हटलं, "बघा तरी, किती पाणी आहे!"

म्हणाले, "हो. पण कुठून पडत नाही."

१३ एप्रिल

श्रीपत आला होता, टोपलीभर करवंदं घेऊन. मी नळाचं पाणी दिलं, तर भांडं वर धरून उजेडात बघितलं आणि हसला. "आपलंच पानी." मशिनांची चौकशी हे करेनात, म्हणून मीच केली. तो म्हणाला, "घासूनपुसून ठेवलीत, बाई. झाकली. पयल्यांदी लाईन गेली का आपल्या मशिनावर पाड्यांना दिवा भेटायचा. आता रात होते." मग माझ्याकडे बघून घाईघाईने, "चालतं. सवय हाय."

हे मला माहीत नव्हतं. ह्यांनी त्या रविवारी सांगितलं असतं तर लिहिलं असतं का मी? विचार करून बघितला. उत्तर लिहीत नाही.

१९ मे

बदलीचा हुकूम. तळकोकणात, घाटाखाली, आंबेखोलहूनही लहान वीजघर. एकच मशीन. इथून जायला अख्खी रात्र. मी कागद वाचला आणि डोकंच फिरलं. ही शिक्षा आहे. साहेब लोक दोन वर्षं थांबले आणि आता बायकोचा राग नवऱ्यावर काढला. उद्या ठाण्याला जाणार, त्यांच्या मोठ्या साहेबांसमोर उभी राहणार. ह्यांना सांगत नाही, अडवतील.

२० मे

साहेबांनी बसायला सांगितलं, मी बसले नाही. जे काय बोलायचं ते घोकून गेले होते. निवेदन मी लिहिलं, मोर्चा मी काढला, शिक्षा करायची तर मला करा, त्यांना ह्या वयात घरापासून तोडू नका.

साहेबांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला. म्हणाले, "बाई, अर्ज त्यांचाच आहे. मार्चमध्ये दिलाय. मी दोनदा परत पाठवला. म्हटलं, विरारला घर आहे, मुलगी आहे, कशाला जाता? ते म्हणाले, तिथे मशीन चालू आहे."

ऑफिसातून बाहेर कशी आले आठवत नाही. चुकीच्या बसमध्ये चढले.

२१ मे

काल बोलले नाही. आज अश्लेषा मैत्रिणीकडे गेल्यावर बोलले.

"मला शिक्षा करताय का?"

ते भात कालवत होते. थांबले. "नाही गं. तू बरोबर होतीस. पाणी आधी. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं."

"मग?"

"मला जमत नाही इथे, आशा. मी प्रयत्न केला. टेबलावर हात ठेवतो आणि खाली काही नसतं."

"एकदा ओरडायचंत तरी माझ्यावर! त्या पेपराच्या दिवशी."

 आमटीवर साय धरली. मग म्हणाले, "राग त्याचा नव्हताच. तू विचारत होतीस ना, एकामागून एक, दोन रविवार. मला वाटलं, तुला ऐकायचंय." एवढंच बोलले आणि ताट उचलून मोरीत ठेवायला गेले. नळ सोडला. बराच वेळ सोडून ठेवला.

मी तिथेच बसले होते. ताटातलं हाताला वाळलं.

२ जून

गेले. सामान काही फार नव्हतंच. अश्लेषा स्टँडवर रडली. मला म्हणाले, "गॅसचा नंबर लावून ठेवलाय."

२८ जून

पाणी रोज येतं. अश्लेषाला अकरावीत प्रवेश मिळाला, वसईला. सगळं आहे. मला घरात फिरायला जागा पुरत नाही.

१३ जुलै, रविवार

हे मी ह्यांच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून लिहिते आहे. खोल्या दोन, भिंतींना ओल. साप अजून दिसला नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर अश्लेषाला होळीला क्लेमेंटीनकडे सोडलं आणि रात्रीची एसटी धरली. ह्यांना कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर काय म्हणून कळवलं असतं? सकाळी नाक्यावर उतरले. पाऊस कोसळत होता. एका दूधवाल्याने वीजघरापर्यंत आणून सोडलं.

दार उघडंच होतं. आत इतका आवाज की छातीत घुमत होता. हे पाठमोरे उभे होते, मशिनाच्या अंगावर तळहात टेकून, मान किंचित वाकवून, कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखे. मी हाक मारली, ऐकू गेली नाही. परत मारली नाही. भिजलेली पिशवी खाली ठेवून तशीच उभी राहिले.

वळले तेव्हा आधी ओळखलंच नाही. मग धावत आले. चेहरा पांढराफटक. माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून विचारलं, "पाणी गेलं का?"

"नाही!" मीही ओरडले. "येतंय! रोज येतंय!"

"मग? अश्लेषा?"

"ती बरी आहे. सगळं बरं आहे."

त्यांना काही समजेना. माझ्याकडे, पिशवीकडे, परत माझ्याकडे बघत राहिले. "मग काय काम काढलंस एवढ्या लांब?"

"काही काम नाही," मी म्हटलं. "आले."